विश्रांतीचा मेळावा

एकोणऐंशी साली आर्वीजवळच्या आमच्या गावात मातांचा मेळावा भरला, तेव्हा सगळ्यांत आधी येऊन बसली पंचफुला. नवरा पुलगावला कामाला. घरी अंथरुणाला खिळलेली बहिरी सासू आणि तान्ही पोर. एकीला ऐकू येत नाही, दुसरीला बोलता येत नाही. त्यामुळे पंचफुलेजवळ बोलण्याचा बराच साठा झाला होता. तो बायांजवळ रिकामा करावा म्हणून ती आली होती.

वर्ध्याहून आलेले साहेब 'मातांनी विश्रांती घ्यावी' या विषयावर बोलू लागले. पंचफुलेनं सल्ला ताबडतोब अमलात आणला. ती सतरंजीवरच झोपली.

बालवाडीच्या मीराबाईंनी तिच्या कुशीतली पोर उचलून घेतली आणि बायांना खूण केली. भाषण संपलं तरी कुणी टाळी वाजवली नाही. साहेब चहा न घेताच गेले. बायाही चपला हातात घेऊन, पाय न वाजवता निघून गेल्या. गावानं एवढी माया आजवर कुणावर केली नव्हती.

पंचफुला उठली तेव्हा मीराबाई तेवढ्या उरल्या होत्या.

"बाया कुठं गेल्या?"

"घरी गेल्या वं. तुले झोपू देलं."

"काऊन उठवलं नाई? मले बोलाचं होतं."

"आता बोल ना."

तेवढ्यात मीराबाईंच्या परतीच्या, आर्वीच्या एसटीचा हॉर्न वाजला. मीराबाईंनी पोर तिच्या हाती दिली. "पुढच्या मेळाव्याले येजो."

"कधी हाय?"

"साहेब रागावून गेले, माय. पाहू."

घरी येऊन पंचफुलेनं सासूचं अंथरूण बदललं आणि तिच्या कानाशी वाकून मेळावा सांगितला, ऐकला होता तेवढा. सासूनं मान हलवली. ती कशालाही हलवत असे.