स्वयंपाकघरातले हात

"दार लोट, निवेस. सगळा धूर सभेत जातोय."

"जाऊ दे. भूक चाळवली की भाषणं आवरतील."

निवेस तळणीशी उभी होती खरी, पण तिचा एक कान भिंतीपलीकडच्या सभागृहात होता. कणकेचे चौकोन चरबीत सोडायचे, टम्म फुगले की काढायचे. वार्षिक सभेनंतरचा हा न्योक्को आमच्या सहकारी भांडाराच्या बायकाच तळतात. तो थंड वाढणं म्हणजे आमच्या या सपाट मुलखात शेजाऱ्याच्या मयताला न जाण्याइतकं पाप.

भांडार काढलं रोजंदारीच्या मजुरांनी. वाण्याने उधारी बंद केली, तेव्हा घरटी एकेक कोंबडी विकून त्यांनी पिठाची पहिली पोती आणली. फॅसिस्टांच्या काळ्या शर्टवाल्यांनी ते जाळलं; युद्ध संपल्यावर त्याच विटा खरवडून लोकांनी पुन्हा उभं केलं. मग शेजारच्या गावांत शाखा निघाल्या, काचेची दारं आली, ढकलगाड्या आल्या, आणि आपण मालक आहोत हे सभासद विसरले. बोलोन्या शहराच्या रस्त्यावरच्या मोठ्या दुकानांतून स्वस्त कॉफी आणायची आणि सभेत येऊन विचारायचं, भांडार तोट्यात का?

आज बोलोन्याच्या मोठ्या सोसायटीत विलीन व्हायचा ठराव होता. तो झाला की गावातलं मूळ दुकान बंद. निवेसचा जन्म त्या दुकानात हॅम कापण्यात गेला होता. हिवाळाभर घरोघरी फिरून तिने 'नाही' गोळा केले होते, आणि त्यांतले सगळ्यांत पक्के 'नाही' या तळणीभोवतीच होते.

"नको गं घाबरू," कणीक लाटता लाटता म्हातारी दिर्चे म्हणाली. "मोठा ठराव शेवटी असतो. तो आला की लेआर्को हाक मारतो आपल्याला, हात वर करायला. त्याच्या आधीचे अध्यक्षही मारायचे."

पलीकडे टाळ्या वाजल्या.

"हिशेब मंजूर झाले वाटतं."

"हिशेबाला टाळ्या? आपल्या गावात?" निवेस म्हणाली आणि झारा हातात घेऊनच धावली.

सभागृहात बोलोन्याहून आलेले दोन साहेब कोट चढवत होते. अध्यक्ष लेआर्को, शाळेत निवेसच्याच वर्गातला, कागद गोळा करत होता.

"काय झालं रे?"

"धुकं वाढतंय. पाहुण्यांना लांब जायचंय, म्हणून विलीनीकरण आधी घेतलं. झालं मंजूर. थोडक्या मतांनी झालं, पण झालं."

"आणि आम्ही?"

"नियमात 'सभागृहात हजर' असं आहे, निवेस."

"तुझी आई जन्मभर त्याच तळणीशी उभी होती. तिचा हात मोजायचे की नाही?"

लेआर्को चष्मा पुसत बसला. त्याने मुद्दाम केलं की घाईत, देव जाणे. साहेबांची गाडी त्याला धुक्यातही दिसली, भिंतीपलीकडच्या बायका दिसल्या नाहीत, एवढं खरं.

"पुन्हा मतं घ्या!" मागून कोणीतरी म्हणालं.

"आधी जेवण, मग भांडण!" दुसरा ओरडला, आणि सभागृह खो खो हसलं. हसणाऱ्यांत निवेसला शब्द दिलेलेही होते.

ती आत आली. "गॅस बंद करा."

"अगं, एवढी कणीक—"

"बंद म्हटलं ना."

बायका एकामागून एक बाहेर आल्या, भिंतीला लागून उभ्या राहिल्या आणि सगळ्यांनी हात वर केले. कोपरापर्यंत पीठ, बोटांना चरबी.

"इतिवृत्त बंद झालंय गं," लेआर्को हळूच म्हणाला.

एकही हात खाली आला नाही. साहेब निघून गेले. लोक खुर्च्यांत चुळबुळत राहिले; उठावं की बसावं कळेना, आणि न्योक्को मागायची कोणाची छाती होईना. ठराव काही फिरला नाही, वसंतात भांडाराची पाटी उतरली. पण त्या संध्याकाळी लेआर्को पेनाचं टोपण काढत होता, लावत होता, पुन्हा काढत होता.

"किती वेळ गं?" दिर्चे कुजबुजली.

"मोजेपर्यंत."

दिर्चेने डाव्या हाताने आपलं उजवं कोपर खालून धरलं.