माळवदावरची हाक

बिल्किसबी कुणाच्याही माळवदावर चढली की आधी हाक मारायची, मगच कामाला हात लावायची.

"बसून ऱ्हावा गं बायांनो, मी हाय! पडद्याची जरूर नाय!"

ती हाक ऐकली की आसपासच्या पाच-सहा अंगणांत केस वाळवत बसलेल्या बायका तशाच केस वाळवत बसायच्या. कुणी मान वर करून विचारायची, "आज कुणाकडं रेडिओ, बिल्किसआपा?" ही वरून उत्तर द्यायची, कुणाच्या पोराचा ताप उतरला का ते विचारायची, आणि बोलता बोलता बांबू उभा करून तार ताणून मोकळी व्हायची. निजाम सरकारच्या अमदानीतली ही गोष्ट. त्या वेळी औरंगाबादेत रेडिओची तार ताणणारी दुसरी बाई असेल, तर ती आम्हाला तरी ठाऊक नाही.

बाईमाणसाकडं हे काम आलं कसं, ते सांगायला पाहिजे. गुलमंडीवर आप्पासाहेबांचं दुकान होतं. आधी कंदील आणि बत्त्या विकल्या, मग ग्रामोफोन आले, मग रेडिओ. मूळची सिल्लोडची बिल्किसबी नवरा गेल्यावर पोराला कडेवर घेऊन तिथं झाडलोटीला लागली, त्याला आता वीस वर्षं होत आली होती. दुकानातला जाणता माणूस म्हणजे मुख्तारभाई. विकायचा तोच, दुरुस्त करायचा तोच.

त्या वेळचा रेडिओ काही नुसता फळीवर ठेवून बोलत नसे. त्याला उंच बांबूवरून लांबलचक तार लागायची, नाहीतर नुसती खरखर. आणि गावातली सगळी घरं माळवदाची, एकाला एक चिकटून. एका माळवदावर उभं राहिलं की सहा घरांची अंगणं उघडी. ज्या घरांत बायका गोषात, तिथं परका पुरुष वर उभा म्हणजे झालंच कल्याण! मुख्तारभाई पहिल्यांदा जिन्सी मोहल्ल्यात चढला, तेव्हा शेजारच्या म्हातारीनं खलबत्त्यातला बत्ता असा फेकून मारला की कानावरून गेला. तो तडक खाली उतरला आणि दुकानात येऊन म्हणाला, "मालक, रेडिओ इकायचा असंल तर वर बाई चढवा, न्हाय तर माझं कफन आणून ठेवा."

आप्पासाहेब हसले. बिल्किसबी तिथंच केर काढत होती. ती म्हणाली, "मी चढते की. सिल्लोडला वाळवणं घालून माळवदावरच मोठी झाले मी."

मग मुख्तारभाईनं तिला शिकवलं. तो खाली गल्लीत भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा आणि वर न बघता ओरडून सांगायचा, "आपा, बांबू उगवतीकडं! तार ढिली हाय, ओढा!" वर्षभरात त्याच्या सांगण्याची गरज उरली नाही. उलट जे त्याला कधी जमलं नाही ते तिला जमलं. रेडिओची दुसरी तार जमिनीत पुरायची असते, आणि ती जागा ओली पाहिजे. पुरुष मिस्त्री दारातल्या कोरड्या मातीत पुरून मोकळे होत. ही थेट आत मोरीपाशी जायची, जिथं दिवसभर पाणी सांडतं, आणि तिथं कोळसा-मीठ घालून तार पुरायची. वर बायकांना बजावायची, "रेडिओला पाणी पाजायला इसरू नका गं!" तिच्या हातच्या रेडिओतून आपल्या औरंगाबाद स्टेशनचा आवाज असा स्वच्छ यायचा की ऐकणारा शेजारी दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. नऊ वर्षांत तिनं लावलेला एकही सेट परत आला नाही.

पण हजेरीच्या पुस्तकात तिच्या नावापुढं पहिल्या दिवशी लिहिलं होतं तेच राहिलं. 'बिल्किस, झाडलोट.' कुणी बदललं नाही. तिनंही कधी तोंड उघडलं नाही. पण दर महिन्याला त्या ओळीपुढं अंगठा उठवताना तिला वाईट वाटायचं, हे काय लपवायचं? वाटायचंच.

मग ती मोठी लढाई लागली. विलायतेचे सेट यायचे थांबले, गिऱ्हाईक आटलं, आणि आप्पासाहेब दम्यानं अंथरुणाला खिळले. दुकान सांभाळायला मुंबईहून त्यांचा पुतण्या आला, व्यंकटराव. मुंबईच्या मोठ्या दुकानात चार वर्षं काढलेला माणूस. आल्या आल्या त्यानं टेबल मांडलं, टेबलावर घंटी ठेवली आणि हजेरीचं पुस्तक पुढं ओढलं. मुख्तार, वय साठ, पगार सगळ्यात जास्त. काट. बिल्किस, झाडलोट.

"झाडू मारायला एवढा पगार?" व्यंकटराव म्हणाला. "बाई, उद्यापासून येऊ नका. निम्म्यात दुसरी मिळेल."

ती म्हणाली, "साहेब, तारा कोण ताणंल?"

"पडेगावचा चांदपाशा ठेवलाय. माकडासारखा चढतो."

"चढंल," बिल्किसबी म्हणाली. "उतरंल कसा, तेवढं बघा."

व्यंकटरावाला वाटलं बाई चिडून बोलतेय. तिनं तारेचं वेटोळं पुसून खुंटीला लावलं, पहार कोपऱ्यात नीट उभी केली आणि पायऱ्या उतरली. शहागंजापर्यंत ती ताठ मानेनं चालली. तिथून पुढं मात्र पदर तोंडावर ओढून घेतला. वीस वर्षं राबलेल्या बाईला केरसुणीसारखं दाराबाहेर ठेवलं होतं. रडू येणार नाही तर काय होईल?

चांदपाशा वाईट माणूस नव्हता. गावचाच, रीतभात कळणारा. पण व्यंकटरावानं त्याला बजावलं होतं, गोदामात पडून राहिलेले सेट खपवायचेत, दिवसाला तीन घरं झालीच पाहिजेत, गप्पा नकोत. जिन्सीत जाहेदाबेगमच्या घरी त्यानं दारातून "पर्दा करो!" म्हणून हाक दिली, त्या घरातल्या बायका आत गेल्या, आणि हा भराभरा वर. आजूबाजूच्या घरांत कोण सांगणार? ते बिल्किसबीच्या एका हाकेनं व्हायचं. यानं बांबू उभा करता करता पलीकडं बघितलं, तर शेजारच्या अंगणात एक सून नहाणीतून ओल्या केसांनी बाहेर येत होती. ती किंचाळली. मग दुसरं अंगण किंचाळलं, मग तिसरं. खालून चपला आल्या, लाटणी आली, एक अख्खा भोपळा आला. चांदपाशा मागल्या बाजूनं उडी टाकून पळाला, तो पाय मुरगाळून घेऊनच दुकानात पोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्सीतून डोक्यावर सेट घेऊन हमाल आले, मागोमाग घरचे पुरुष. "घ्या तुमचा डबा! आमच्या लेकीसुना उघड्यावर नाहीत पडल्या!" दोन दिवसांत सात सेट परत. त्यातले तीन तर बिल्किसबीनंच कधीकाळी लावलेले, चांगले चालणारे. एकदा दुकानाची नियत वाईट ठरली की जुनं-नवं कोण बघतं? असं आणखी आठवडाभर चाललं असतं, तर आप्पासाहेबांच्या दुकानाला कुलूपच लागलं असतं.

बातमी आप्पासाहेबांच्या अंथरुणापर्यंत गेली. ते खोकत खोकत उठून बसले.

"बिल्किसबी कुठं होती?"

"कोण? ती झाडूवाली? तिला तर काढलं, काका."

"अरे मूर्खा!" म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला. "रेडिओची सगळी घरं तिनं उभी केलीत. झाडलोट कसली? ते मी बदलायला पाहिजे होतं. नऊ वर्षं उद्या बदलू, उद्या बदलू करत राहिलो. जा, पाय धरून आण तिला."

व्यंकटराव टांगा करून तिच्या दारात आला. बिल्किसबी उंबऱ्याशी बसून डाळ निवडत होती. तिचा मुलगा फारूख जिनिंगात कामाला, ते काम वर्षातून सहाच महिने, आणि ते सहा महिने संपले होते. सून सगीरा आतून कान देऊन ऐकत होती.

"उद्यापासून या," व्यंकटराव म्हणाला. "पगार पहिल्यासारखाच देतो."

सगीरानं आत अल्लाचं नाव घेतलं. बिल्किसबी मात्र डाळच निवडत राहिली.

"कशाला येऊ, साहेब? झाडायला?"

"नाही, नाही. तारा लावायला."

"मंग पुस्तकात काय लिवलंय माझ्या नावाम्होरं?"

व्यंकटराव टांग्याकडं बघायला लागला.

"तिथं मिस्त्री लिवा. आन् माझ्यावर मुख्तारभाईचं नाव, व्हतं तसं. त्यांनी शिकवलं म्हणून मला येतं. ते घरी आन् मी दुकानात, हे व्हनार नाय."

"बाई आणि मिस्त्री?" व्यंकटरावाला हसूच आलं. "रेडिओ कंपनीचा माणूस तपासणीला आला तर काय म्हणेल?"

"मंग कंपनीच्या माणसाला चढवा माळवदावर."

तो रागानं लालबुंद होऊन टांग्यात बसला आणि निघून गेला. सगीरा बाहेर आली ती तोंडाला पदर लावूनच. "अम्मा, आलेली भाकर लाथाडली तुम्ही. एका अक्षरापायी?"

"एका न्हाय गं, वीस वर्षांपायी," बिल्किसबी म्हणाली. म्हणाली खरं, पण कान तिचेही टांग्याच्या आवाजाकडंच होते. दुसरा दिवस गेला, कुणी आलं नाही. तिसराही गेला. सगीरा डाळ मुठीनं मोजून शिजवायला लागली, ते तर जास्तच लागलं. बिल्किसबीच्या मनात दहादा आलं, जावं, म्हणावं, लिहा काय पाहिजे ते. प्रत्येक वेळी ती उठली आणि पुन्हा बसली. आता गेले तर मेल्यावरही झाडलोटच राहीन, असं तिला वाटत होतं.

चौथ्या दिवशी टांगा पुन्हा दारात उभा राहिला. पुढं मुख्तारभाई, ठेवणीतली शेरवानी घालून. मागं व्यंकटराव, काखेत हजेरीचं पुस्तक. आप्पासाहेबांची बोलणी खाऊन चेहरा उतरलेला, पण मुंबईची ऐट गेल्यावर तो जरा माणसासारखा दिसत होता. त्यानं पुस्तक उघडून तिच्यापुढं धरलं.

"मला वाचता येत नाय, साहेब. मुख्तारभाई, तुमी वाचा."

मुख्तारभाईनं चष्मा लावला, घसा खाकरला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं, "मुख्तार, मिस्त्री. त्याच्याखाली, बिल्किसबी, मिस्त्री."

"पुन्यांदा वाचा."

त्यानं पुन्हा वाचलं. सगीरा आता हसत रडत होती. बिल्किसबीनं अंगठ्याला शाई लावली आणि तो कागदावर असा दाबला की पानाच्या मागल्या बाजूला उठला.

तिथून दुकानातून चांदपाशाला आणि परत आलेला सेट घेऊन टांगा थेट जिन्सीत. जाहेदाबेगमच्या दारात घरचे पुरुष हाताची घडी घालून उभे होते. बिल्किसबी पुढं झाली. "माझ्या दुकानाची चूक झाली," ती म्हणाली, "ती मी दुरुस्त कराया आले." त्यांनी वाट सोडली. आत जाऊन तिनं जाहेदाबेगमचे हात हातात घेतले, चांदपाशानं दारातल्या कोरड्या मातीत पुरलेली तार उपटून मोरीपाशी नेली, लुगड्याचा काचा मारला आणि शिडी चढली.

खाली गल्लीत मुख्तारभाई सवयीनं भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्यानं व्यंकटरावाला खूण केली. मुंबईचा बाबू मुकाट्यानं वळला. लंगडणारा चांदपाशाही वळला. तिघं ओळीनं भिंतीला नाक लावून उभे!

वर येऊन बिल्किसबीनं बघितलं, तर सहाच्या सहा अंगणं ओस. भरदुपारी दारं लावलेली. वाळत घातलेले कपडेसुद्धा कुणी ठेवले नव्हते. त्या दिवसाचा धसका अजून गेला नव्हता. आपल्या गैरहजेरीत या बायका आपल्याच घरात कोंडून बसल्या, हे बघून तिला लई वाईट वाटलं. तिनं पदर खोचला आणि छातीत मावेल तेवढा श्वास घेतला.

"बसून ऱ्हावा गं बायांनो! दारं उघडा! पडद्याची जरूर नाय! मिस्त्री आलीय, मिस्त्री!"

मग एक कडी वाजली, मग दुसरी. ती ओल्या केसांची सून आधी डोकावली आणि मग सगळी बाहेर आली. पोरं आली, परकर आले, सुपं आली. अंगणं भरली. पलीकडची म्हातारी, मुख्तारभाईवर बत्ता फेकणारी तीच, डोळ्यांवर हात धरून वर बघायला लागली.

"कोन मिस्त्री गं?"

"मी, खाला. बिल्किस."

"अगं, मंग आजवर कोन व्हतीस?"

बिल्किसबी बांबूला मिठी मारून हसली. हसता हसता डोळे भरून आले, ते तिनं पुसलेही नाहीत, हात कामात होते.

"आजवर बी मीच व्हते, खाला," ती म्हणाली. "फकस्त लिवलंय आज."

मग तिनं तारेला गाठ मारली, आणि खाली जाहेदाबेगमच्या घरात रेडिओ स्वच्छ बोलायला लागला.