ती ढगांकडे बघत नव्हती

मित्रांनो, मी एक जुने शिवणयंत्र आहे आणि मी रागावलेले आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा हळव्या होतात. मला ते जमेलसे वाटत नाही.

लोखंड वितळवून साच्यात ओतले, घासले, त्यावर काळा रंग चढवला, तेव्हा मी घडले. दुकानात पुष्कळ दिवस उभे होते. मग एक तरुण बाई आली. तिने माझे चाक हाताने फिरवून पाहिले, आवाज कान देऊन ऐकला आणि मला घरी नेले. ती शाळेच्या गणवेशांच्या कॉलरी शिवायची. काम बारीक, म्हणून तिने मला खिडकीशी ठेवले. घरात धड उजेड तेवढ्याच जागी होता.

तिचा नवरा कवी होता. रोमँटिक कवितेवर त्याचा जीव. डोंगर, चांदणे, एकांत आणि झुरणारे मन यांवाचून त्याचे पान हलत नसे. बाईला त्याच्या कविता तोंडपाठ होत्या. माझ्या पायाखालच्या पायट्याच्या ठेक्यावर ती त्या गुणगुणायची आणि एकही मात्रा अडखळत नसे. मला जास्त राग येतो तो याचाच. त्या ओळी टाकाऊ असत्या, तर केव्हाच विसरता आल्या असत्या.

पण त्याला काही सुचू लागले की माझी खडखड त्याला खुपे. जरा बंद कर, ओळ येतेय, असे तो आतून सांगे. ती पाय उचलून घेई. अर्धी टीप घातलेली कॉलर माझ्या दाबपट्टीखाली तशीच अडकून पडे. ओळ कागदावर उतरली की स्वारी टेकडीवर फिरायला जाई आणि ही मागे राहिलेले काम रेटत बसे. अशाच एका घाईत सुई तिच्या नखातून आरपार गेली. तिने ओठ दाबून चाक उलटे फिरवले, बोट सोडवले, चिंधी बांधली आणि कॉलर पुरी केली. नवरा परतला तेव्हा चिंधीवर लाल डाग होता. तो त्याने पाहिला. काय झाले, ते मात्र विचारले नाही.

त्यातून 'मेघवेडी' ही कविता झाली. तिच्यात एक फिकट स्त्री रिकाम्या हातांनी खिडकीशी बसून ढगांकडे बघत असते आणि तिच्या बोटावर विरहाची लाल पाकळी उमलते.

पाकळी म्हणे! मित्रांनो, ते रक्त होते. आणि हात रिकामे कुठले? त्या खिडकीपुढे मणभर लोखंड घेऊन मी उभे होते. एवढे मोठे धूड त्याला दिसले नाही.

कविता गाजली. लोक घरी येऊन खिडकीचे दर्शन घेऊन जाऊ लागले. पुढे बाईची नजर अधू झाली, काम सुटले. माझ्यावर फुलझाडाची कुंडी आणि कवीचे सन्मानचिन्ह आले. कुंडीचे पाणी झिरपून माझे सांधे गंजले. एका पाहुण्याला मी फार काव्यमय वाटले. सुई शाबूत असती, तर त्याला काव्य चांगले समजावले असते.

त्यांची मुलगी माझ्या पायट्याशी चिंध्यांत खेळत वाढली. पुढे ती कॉलेजात कविता शिकवू लागली, तीही रोमँटिकच. बाप म्हातारा झाला, त्याच्या समग्र कवितांचे पुस्तक निघायचे ठरले आणि प्रकाशकाने मुलीकडे प्रस्तावना मागितली. ती तिने घरीच, आईबापांसमोर आणि प्रकाशकासमोर वाचून दाखवली.

सुरुवात प्रेमाची होती. गवतावरच्या दवाकडे थांबून बघायला मला याच कवितेने शिकवले, असे तिने लिहिले होते. बाप सुखावला. मग तिने लिहिले होते की या कवितेला एकांत फार प्रिय, पण तो आपोआप मिळत नाही. दाराबाहेर कुणीतरी पोरांना गप्प करत असते, कुणीतरी आपले काम अर्धे टाकत असते. 'मेघवेडी'तली स्त्री सुंदर आहे, पण ती माझी आई नाही. माझ्या आईचे हात कधी रिकामे नव्हते.

बाप चिडला. म्हणाला, "कवितेत मशीन शोभत नाही."

आई इतका वेळ स्टुलावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "मी ढगांकडे बघत नव्हते. दोरा ओवत होते. मशीन शोभत नव्हतं, तर मला तरी कशाला घेतलंत?"

प्रकाशकाने चाचरत विचारले की आता काय करायचे. कवितेतली ओळ आणि प्रस्तावनेतला शब्द, दोन्ही जसेच्या तसे छापा, असे आईने सांगितले.

तसेच छापले गेले. मुलीला काळीज नाही, असे पुष्कळांनी लिहिले. बाप तिच्याशी अजून मोजकेच बोलतो. मला त्याची दया येत नाही, मित्रांनो. जो दव एवढे नीट बघू शकत होता, त्याला बघता येत नव्हते असे कसे म्हणू?

तुम्ही कविता वाचा, तिला जीव लावा. पण तिच्यात कुणी गप्प, सुंदर बसलेले दिसले, तर त्याच्या हातात काय होते ते विचारत जा. आणि एखादे यंत्र राबून थकले, तर त्याला तेल द्या. शोभा म्हणून मिरवू नका.

परवा मुलीने कुंडी आणि सन्मानचिन्ह खाली उतरवले. गंज खरवडला, तेल सोडले, नवी सुई बसवली आणि आईला म्हणाली, मला शिकव. तिची पहिली टीप पार वाकडीतिकडी गेली. आईने कापड हातात घेतले, टिपेवरून सावकाश बोट फिरवले आणि ते परत केले.

"उसव," ती म्हणाली. "पुन्हा घाल."