जुना माल, जुना म्हणून

शिवतेज पुण्याहून आला तो चहा यायच्या आधीच सुरू झाला. तो प्रोसेसरच्या कंपनीचा माणूस, आणि माझं सांगलीतलं कॉम्प्युटरचं दुकान त्या कंपनीचं अधिकृत. दारावर हा एवढा चमकता बोर्ड.

"क्रांतीताई, पुढच्या महिन्यात नवा प्रोसेसर येतोय. तोवर जुना साठा संपवायचा. नव्याचं नाव काढायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि काढलं तर?"

"तर बोर्ड उतरवावा लागेल. वरचा आदेश आहे."

डोकं तिथंच सटकलं माझं. पण बोर्ड गेला तर नवा माल कोण देणार, हेही खरं होतं. गिळलं आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी उंब्रजचे नानासो आले. फौजेतनं रिटायर, आता ऊस बघतात. पोरगी अपेक्षा इथं इंजिनिअरिंगला, घरांचे नकाशे काढती. तिला कॉम्प्युटर पायजे होता.

"पाच-सा वर्सं टिकंल असा दे बाई. लय इश्वासानं आलोय."

जुन्या प्रोसेसरच्या कॉम्प्युटरचा खोका हातात घेतला आणि जीभ अडली. माझा बाप केरबा मार्केट यार्डात हळद विकायचा. नवी हळद आली की जुनीचा ढीग वेगळा, नवीचा वेगळा. हळकुंड मोडून बघा म्हणायचा, मग बोला. जुनी त्यानं कधी नवी म्हणून खपवली न्हाई, आणि जुनी पडूनही राहिली न्हाई. त्याची लेक मी, गप कशी बसणार?

"नाना, नवा पुढच्या महिन्यात येतोय," मी म्हटलं. "अपेक्षाच्या कामाला थांबा. नुसती बिलं करायची असती तर हा जुना भरपूर झाला असता, आणि स्वस्तात."

नाना काही न घेता गेले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आता मागं फिरायचं न्हाई म्हणून काचेवर कागदच चिकटवला: 'हा माल जुना. नवा पुढच्या महिन्यात. विचारून घ्या.'

शिवतेजचा फोन आला. "ताई, तो कागद आजच्या आज काढा. साठा अंगावर पडेल तुमच्या."

"पडू दे. महिन्यात सगळा उडवायचा म्हणजे पी हळद आणि हो गोरी. झाकून विकणं माझ्यानं व्हायचं न्हाई."

आठवड्याभरात कंपनीचे दोघं शिडी घेऊन आले आणि बोर्ड उतरवून नेला. भिंतीला नुसती भोकं उरली. त्या दिवशी मी रडले. मग तोंड धुतलं आणि दुकान उघडं ठेवलं.

थोड्या दिवसांनी नानासो परत आले, घामाघूम. संगं गावच्या दूध डेअरीचे दोघं. बिलं करायला त्यांना जुनेच कॉम्प्युटर पायजे होते.

"बोर्ड कुठाय गं तुझा? दोनदा म्होरनं गेलो, दुकान घावंना."

"कंपनीनं काढला. मग घावलं कसं?"

"पानवाल्याला इचारलं, जुनं त्ये जुनं म्हणून सांगणारी बाई कुठं बसती? त्यानं लगीच बोट दावलं."

पाणी दिलं त्यांना.

"आणि अपेक्षाचा नवा?" मी विचारलं. "आता मला कंपनी माल देणार न्हाई, नाना."

"तूच आण, कुठनं बी. आमी थांबतो."

खोके खाली काढता काढता ठरवलं, उद्या पुण्याची पहिली गाडी धरायची. प्रोसेसर काय एकटी तीच कंपनी करत न्हाई.