कललेले कपाट आणि हळद लावलेली पत्रिका

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी कपाट आहे. रंग करडा, एक पाय आखूड, आणि अंग थोडे उजवीकडे कललेले. माझी कहाणी सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. कपाटाने पोटातले बाहेर सांगू नये, हेच मी जन्मभर शिकलो. म्हणून आज बोलतानाही भीती वाटते.

माझा जन्म नांदेडच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. पत्रा कापला, ठोकला, सांधला आणि टेम्पोत आडवे घालून मला लातूरला आणले. नरसिंगराव नावाचे कर सल्लागार होते. लोकांचे हिशेब, परवाने, बँकेची कागदपत्रे अशी कामे ते करत. त्यांच्या कचेरीत मी उभा राहिलो. माझ्या दोन किल्ल्या होत्या. एक नरसिंगरावांकडे, दुसरी खाजामियाँकडे. खाजामियाँ कागद सांभाळत. त्यांचे वडील निजामाच्या वेळी सरकारी कचेरीत होते. त्यांच्याप्रमाणेच खाजामियाँही प्रत्येक घराचे कागद लाल कापडात बांधून ठेवत. या गठ्ठ्याला ते बस्ता म्हणत. बस्त्याची गाठ त्यांच्याइतकी घट्ट कोणाची बसत नसे.

मग किल्लारीचा तो भूकंप झाला. मी भिंतीवर आदळलो आणि माझी चौकट वाकली. तेव्हापासून माझे दार नुसते ओढून उघडत नाही. डाव्या हाताने थोडे वर उचलावे लागते, मग ओढावे लागते. मला फार लाज वाटली. पण किल्लारीकडची माणसे कचेरीत येऊ लागली, तेव्हा माझी लाज मलाच क्षुल्लक वाटली. त्यांची घरे गेली होती आणि घराबरोबर कागदही गेले होते. नरसिंगरावांनी ते एकेक करून पुन्हा जमवून दिले.

त्या दिवसांत एक वाईट प्रकार सुरू झाला. कोणाला किती मदत मिळाली, कोण कुठे राहायला गेले, हे विचारायला भाऊबंद येऊ लागले. सगळे आपलेच होते, म्हणून कोणाला नाही म्हणणे अवघड जाई. तेव्हा नरसिंगरावांनी कचेरीला एक नियम घालून दिला. कागद ज्याचा, त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याला दाखवायचा नाही. विचारणारा सख्खा असला तरीही नाही. लोक रागावले. एक जण तर म्हणाला, की खाजामियाँ बस्त्याला पर्दा घालून राहिलेत. खाजामियाँ हसले आणि गाठ आणखी आवळली.

वर्षे गेली. लातूरमध्ये शिकवण्यांचे दिवस आले. गल्लोगल्ली पाट्या लागल्या. परगावची मुले खोल्या करून राहू लागली आणि त्यांना जेवू घालायला खानावळी निघाल्या. नरसिंगराव थकले. त्यांची मुलगी पुनमताई सनदी लेखापाल होऊन त्यांच्या खुर्चीवर बसली.

एके दिवशी सिंधु नावाची बाई खानावळीच्या परवान्यासाठी आली. तिला मी ओळखले. किल्लारीच्या त्या घराचा बस्ता माझ्याच पोटात होता. तिचा नवरा भूकंपात गेला होता आणि लहानगी रुद्राणी तेवढी वाचली होती. आता रुद्राणी सातवीत होती आणि सिंधूचा दीर बजरंग याने त्या पोरीचे लग्न ठरवले होते. म्हणून आई लेकीला घेऊन गाव सोडून आली होती. तिने खाजामियाँना एवढेच सांगितले, "चाचा, पत्ता लिवून घ्या, पर कुणाला सांगू नगा. माजं एक घर पडलं. दुसरं ह्या कपाटात हाय."

मित्रांनो, त्या दिवसापासून माझी झोप उडाली. कपाटाला झोप असते का, हे मला ठाऊक नाही. पण जिन्यावर चपला वाजल्या, की माझा पत्रा थंड पडू लागला.

पुढे कचेरीत संगणक आला. त्याच्याबरोबर नाझनीन नावाची मुलगी कामाला लागली. ती मनाची फार चांगली होती. तिने पुष्कळसे कागद संगणकात घातले. सगळे जण त्याचे कौतुक करू लागले. माझ्यावर चहाचे कप ठेवू लागले. खरे सांगतो, मला वाईट वाटले, पण सुटल्यासारखेही वाटले. आता भिण्याचे काम दुसऱ्याकडे गेले, असे मी समजलो. ते माझे चुकले.

रुद्राणी दहावीत होती. शुक्रवारची दुपार होती. पुनमताई बँकेत गेल्या होत्या. खाजामियाँ नमाजाला गेले होते, आणि जाताना किल्ली टेबलाच्या खणात ठेवून गेले होते. वीज गेलेली होती, त्यामुळे संगणक काळा पडून बसला होता. कचेरीत नाझनीन एकटी होती. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या.

बजरंग आला होता. डोक्याला फेटा, हातात एक लग्नाची पत्रिका. तिच्या चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेले. आवाज इतका मऊ, की मीच क्षणभर फसलो.

"ताई, लेकीचं लगीन हाय," तो म्हणाला. "सिंधु माजी सख्खी वहिनी. तिच्याबिगर अक्षदा कशा पडतील? तिचा पत्ता तेवढा द्या."

आपल्याकडे हळद लावलेल्या पत्रिकेला कोण नाही म्हणते? पत्रिका घेऊन आलेल्या माणसाला लोक घर दाखवायला गल्लीच्या टोकापर्यंत चालत जातात. नाझनीनचे डोळे भरून आले. तिने नियम ऐकला होता, पण नियम वाईट माणसांसाठी असतो, असे तिला वाटले. तिने त्याला बसायला सांगितले, खणातून किल्ली काढली आणि माझ्या कुलपात घातली.

कुलूप उघडले. दार उघडले नाही. नाझनीन संगणकाच्या काळात आली होती, दार उचलायचे तिला माहीत नव्हते. ती ओढत राहिली. मी होते नव्हते ते बळ लावून दार धरून ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या वाकडेपणाचे आभार मानले.

मग बजरंग उठला. "सरा ताई. भूकंपात वाकलेली दारं लई उघडल्यात म्या."

त्याने डाव्या हाताने मला वर उचलले. अगदी खाजामियाँ उचलत तसे. दार मुकाट उघडले. त्या माणसालाही भूकंपाने काहीतरी शिकवले होते, हे मला अजून विसरता येत नाही.

नाझनीनने सिंधूच्या घराचा बस्ता टेबलावर ठेवला. गाठ सोडू लागली. गाठ घट्ट होती, तिचे नख तुटले. बजरंग तिच्या मागे येऊन उभा राहिला. तो गाठीकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. एक पदर सुटला. दुसरा सुटत आला.

"राम राम, बजरंगराव."

खाजामियाँ दारात उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून घडी करून खिशात ठेवली, जणू काही घाईच नव्हती. मग ते पुढे आले, बस्त्यावर हात ठेवून बसले आणि नाझनीनला पाहुण्यासाठी पाणी आणायला सांगितले. बजरंगने लग्नाचे पुन्हा सांगितले. खाजामियाँनी आनंद दाखवला.

"पत्रिका इथं ठेवून जा. पोचवायची जबान माझी."

"वहिनीला हातानं द्यावं लागतंय, खाजामियाँ. मानपान हाय."

"मग त्यांना विचारतो. हाव म्हणल्या, तर मी सवता तुमाला घेऊन जातो."

"घरच्या माणसाला इचारायचं? म्या काय चोर हाय?"

"न्हाई. पर हे कागद तुमचे न्हाईत, माझेबी न्हाईत. पत्रिका ठेवा."

बजरंगने पत्रिकेकडे पाहिले. मग ती घडी करून फेट्यात खोचली. जाताना त्याने माझ्या दारावर तळहात आपटला. तो पोचा अजून आहे. त्याच्या घरी खरोखर लग्न असेलही. मी कोण ठरवणार? पण पत्रिका ठेवून जायला नकार देणारा पाहुणा मी तेवढा एकच पाहिला.

नाझनीन खूप रडली. खाजामियाँ तिला रागावले नाहीत. किल्ली खणात ठेवणारा मीच होतो, असे ते म्हणाले. त्याच दुपारी त्यांनी वेगळ्या वाटेने जाऊन सिंधूला सारे सांगितले. पुनमताईंनी किल्ली कोणाच्या हाती राहील ते नव्याने ठरवले. संगणकातही कोणी कोणाचे काय पाहायचे, याच्या हद्दी आखल्या. ते काम नाझनीननेच हट्टाने मागून घेतले.

रुद्राणीची परीक्षा होईपर्यंत मी रोज चपला ऐकत होतो. बजरंग पुन्हा आला नाही. पण तो येणार नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते.

निकालानंतर एक उंच मुलगी आली. ती रुद्राणी होती. अकरावीच्या प्रवेशासाठी तिला घरच्या बस्त्यातला एक कागद हवा होता. खाजामियाँनी चष्म्यातून तिच्याकडे पाहिले. "आईला विचारलंस का?"

"चाचा, मी तिची लेक हाय."

"म्हणून तर विचारतो."

ती हसत खिडकीपाशी गेली आणि खाली हाक मारली. सिंधु रस्त्यावर उभी होती. तिने वर पाहून मान हलवली. मग खाजामियाँनी माझे दार उचलले. मी इतका अलगद उघडलो, की त्यांनाही नवल वाटले.

मित्रांनो, आता खाजामियाँ घरी असतात. मी कचेरीच्या बोळात उभा आहे. सारे कागद संगणकात गेले. माझ्या किल्ल्या दोन होत्या, त्याच्या किती आहेत, हे मला कोणी सांगत नाही. म्हणून भीती जात नाही. तुमच्याजवळही कोणाचा पत्ता असेल, कोणाचा नंबर असेल. विचारणारा कितीही गोड बोलला, तरी आधी ज्याचा आहे त्याला विचारा. एवढे करा.

काल कचेरीत फोन वाजला. कोणीतरी कोणाचा तरी पत्ता मागत होते. मी ऐकत राहिलो.

"तुमचा निरोप सांगा," नाझनीन म्हणाली. "आम्ही त्यांना विचारतो."