एकशे चव्वेचाळीस ताटल्या

"हळू. ताटली आहे ती, फरशी नाही," बू पूर्वान्ती म्हणाल्या.

समोरच्या घरातल्या यायुकने चळत जमिनीवर टेकवली. "सत्तावीस वर्षं हेच ऐकतेय, बू. आता ताटल्या माझ्याकडे चालल्यात, आता तरी ओरडू नका."

बेकासी शहरातल्या त्या वसाहतीत मेलाती गल्लीची सगळी घरं एका साच्यातली. पूर्वान्तीबाईंच्या, म्हणजे गल्ली आदराने जिला 'बू' म्हणे त्यांच्या, घराला तेवढी पुढे एक जादा खोली होती, खोलीत कपाट होतं आणि कपाटात गल्लीच्या मालकीच्या एकशे चव्वेचाळीस ताटल्या. सुंता असो, लग्न असो की मयताच्या सातव्या दिवसाची प्रार्थना, गल्ली जेवायची ती याच ताटल्यांत. मोजून न्यायच्या, घासूनपुसून मोजून आणायच्या. एकतीस वर्षांत एकही कमी झाली नव्हती. शेजारच्या गल्लीची निम्मी भांडी कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि बू पूर्वान्ती हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. पोस्टातली नोकरी, नवऱ्याचं आजारपण, मुलाचं शिक्षण, सगळं त्यांनी निभावलं. पण मान ताठ व्हायची ती ताटल्यांवरून.

आता घर विकलं होतं. संध्याकाळी मुलगा त्यांना सुराबायाला न्यायला येणार होता. त्याआधी ताटल्या यायुकच्या हवाली करायच्या, एकही उणी न ठेवता, एवढंच त्यांच्या मनात होतं.

त्यांनी पहिली ताटली उलटी केली आणि त्या थबकल्या. मोतीबिंदू काढून महिनाच झाला होता, रंग आता कुठे नीट दिसू लागले होते. प्रत्येक ताटलीमागे खुणेचा लाल ठिपका होता, नेलपॉलिशचा. त्यांनीच एका दुपारी एकाच बाटलीतून लावलेला. हा ठिपका गुलाबी होता. पुढचा मातकट. त्यापुढचा नारिंगी. ताटलीवरचं फूलसुद्धा कुठे मोठं, कुठे बारीक.

"यायुक, या कुणाच्या?"

यायुकने नजर चुकवली. "आपल्याच."

"म्हातारी झालेय मी, खुळी नाही."

"फुटतात हो, बू. वाढताना, घासताना. मग बाजारात हिंडून तसलीच शोधायची, मागे ठिपका लावायचा आणि गुपचूप चळतीत सरकवायची. सगळेच करतात."

"आणि मला सांगायला तोंड नव्हतं?"

"तुम्ही एवढ्या अभिमानाने सांगत फिरायचात, कोण बोलणार? लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला आधी हे शिकवलं. स्वयंपाक नंतर."

बू पूर्वान्तींना राग आला. साऱ्या गल्लीने आपल्याला वेड्यात काढलं. त्या एकेक ताटली उलटत गेल्या. जुना ठिपका साठेक ताटल्यांवरच उरला होता. म्हणजे ऐंशीच्या वर वेळा कुणी ना कुणी उन्हातान्हात बाजार पालथा घातला होता, त्यांचा शब्द खोटा पडू नये म्हणून. राग कधी ओसरला ते त्यांना कळलंच नाही. अशी गल्ली आणखी कुणाला लाभली असेल, असं त्यांना वाटेना.

"चहा टाक," त्या म्हणाल्या. "मग तूच मोज. ताबा आता तुझा."

यायुक आत गेली तशी त्यांनी गुलाबी ठिपक्याची एक ताटली उचलली, बाटिकच्या जुन्या कापडात गुंडाळली आणि आपल्या पिशवीत खोचली. गल्लीची वस्तू त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच घेतली होती.

चहाचे पेले ठेवून यायुक मोजायला बसली. शेवटच्या चळतीशी तिचं बोट अडलं. तिने पुन्हा मोजलं. मग तिची नजर पिशवीकडे गेली. कापडातून गोल कड डोकावत होती.

"किती भरल्या?" बू पूर्वान्तींनी विचारलं.

"एकशे चव्वेचाळीस," यायुक म्हणाली. "एकही कमी नाही."

बू पूर्वान्तींनी मान ताठ केली आणि चहाचा पेला उचलला.