आवाजाची फाइल

“वहिनी, खिडकीत काय लिहिलंय ते सावकाश वाच.”

“व्ही सी रनटाइम... एकशे चाळीस. डॉट डी एल एल. पुढं नॉट फाउंड.” फोनवर संघरत्नाच्या मामेभावाची, नरेंद्रची बायको वंदना होती. “ओके दाबला का परत तेच येतं. ताई, बाबा सकाळपासून कायतरी सांगायला बघतात, आन आमाला कायच समजत नाय.”

संघरत्ना शहापूरच्या एका लहानशा ऑफिसात प्रोग्रॅम लिहायची. धसईचे जयराममामा म्हणजे तिच्या आईचे सख्खे भाऊ. भातसानगरला धरणावर नोकरी केलेला माणूस. एका टोकाहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा गळा. नसांच्या आजाराने आधी पाय गेले, मग हात. जीभ जड व्हायला लागली तेव्हा संघरत्नाने घाईघाईने त्यांच्याच आवाजात शब्द भरून घेतले. पाणी, दुखतं, कूस बदल, घरच्यांची नावं, सोयऱ्यांची गावं. आणि त्यावर प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर शब्द एकेक करून पिवळे होत जायचे. हवा तो शब्द आला की मामांनी उजव्या हाताचं बोट दाबायचं. तेवढं एकच बोट आता हलत होतं.

“काल लॅपटॉपला कुणी हात लावलेला?”

“ह्यांनीच. स्लो झालाय म्हणून साफ केला. यादीत एकाच नावाच्या ओळीच्या ओळी होत्या, नुसती सालं वेगळी. डबल झाल्यात म्हणले, काढून टाकल्या.”

संघरत्नाला काय झालं ते कळलं. ओळी डबल नव्हत्या. त्या सामाईक फायली होत्या. गावकीच्या स्वयंपाकाच्या टोपांसारख्या, लग्न कुणाच्याही घरी असो, टोप तेच. तिच्या प्रोग्रॅमला त्या लागत होत्या, पण तिने त्या त्याच्यासोबत कधी दिल्याच नव्हत्या. ऑफिसच्या मशीनवर त्या आधीच होत्या. मामांच्या लॅपटॉपवर दुसऱ्या कुठल्या तरी सॉफ्टवेअरने आणून ठेवल्या होत्या. न मागता मिळत होतं, म्हणून कुठून येतंय हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

“नरेंद्रदादा कुठाय?”

“मुरबाडला, कंपनीत. फोन गेटवर जमा करतात ना. सुटल्याशिवाय मिळायचा नाय.”

मागून मामी बोलली. सोनूमामीचा आवाज रडून बसला होता. “संघा, शेणव्यावरनं भाच्याचा फोन आलेला. आमची बाईजा लय सिरियस हाय. डॉक्टरनी घरी न्यायला सांगितलं. आन हितं ह्यांचं ह्ये असं. मी कुठं जाऊ गो?”

बाईजा ही मामीची पाठची बहीण. संघरत्नाने फाइल फोनवर पाठवून पाहिली. धसईत रेंजची एक काडी होती. फाइलचं चक्र फिरत राहिलं. तिने पेनड्राइव्हवर सगळं उतरवलं, साहेबांना सांगितलं आणि स्कूटर काढली.

रस्त्याला दोन्ही अंगांनी भाताची कापणी होऊन गेली होती. शेणव्यात शिरल्यावर तिने वेग कमी केला. बाईजाचं घर रस्त्यालाच. दारात चपला पडल्या होत्या, दोघं-तिघं पुरुष ओट्यावर गप्प बसले होते. थांबावं का? थांबलं तर काय ते कळेल; आणि कळलं तर मामीपासून ते कसं लपवायचं? तिने मान वळवली नाही. किन्हवली, सरळगाव मागे पडलं तरी त्या चपला डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या.

ती धसईला पोचली तेव्हा मामा उशीला टेकून बसवलेले होते. गालावर ओघळ वाळून पांढरे झाले होते. बोट बटणावर एकसारखं आपटत होतं, पडदा मात्र तसाच.

“डोळे मिटले का ‘हो’ समजायचं, असं ठरलंय,” वंदना म्हणाली. “पाणी पायजे का, नाय. दुखतं का, नाय. सगळं इचारून झालं.”

“शेणव्याचं काय, असं मी इचारलं,” मामी म्हणाली, “तवा मिटले. म्हणलं, भ्याले. मी सोडून जाईन असं वाटलं असंल. म्हणलं, अवो, मी नाय जात, हितंच हाय. तर अजूनच रडाय लागले.”

संघरत्नाने मामांकडे पाहिलं. त्यांची नजर तिच्या हातांवर खिळली होती.

तिने पेनड्राइव्ह लावून सेटअप चालू केला. लॅपटॉपने पासवर्ड मागितला.

“वहिनी, पासवर्ड?”

“माझ्याजवळ नाय. ह्यांनाच म्हाईत.”

वंदनाने कंपनीच्या गेटवर फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. घरात फक्त त्या रिंगचा आवाज, आणि बटणावरच्या बोटाचा.

संघरत्नाने सेटअप बंद केला. लॅपटॉपवरच्या सगळ्या प्रोग्रॅमसाठी फायली बसवायच्या तर मालकाची परवानगी लागते. पण सगळ्यांसाठी कशाला? प्रोग्रॅम आधी आपल्याच फोल्डरमध्ये शोधतो. तिथे ठेवलं तर कुणालाच विचारावं लागत नाही. तिने फायली उचलून प्रोग्रॅमच्या शेजारी ठेवल्या आणि क्लिक केलं.

खिडकी आली. या वेळी वेगळीच. नुसता एक लांबलचक आकडा.

“नाय झालं?” मामीने विचारलं.

“थांब गो मामी.” ती ओरडलीच. मग स्वतःला सावरत तिने फोल्डर उघडून पाहिलं. घाईत तिने चौसष्ट बिटच्या फायली उचलल्या होत्या. लॅपटॉप चौसष्टचा असला तरी तिचा प्रोग्रॅम बत्तीसचा होता. त्याला बत्तीसच्याच लागणार. तिने त्या पुसल्या, शेजारच्या फोल्डरमधल्या आणून ठेवल्या. पुन्हा क्लिक केलं.

पडदा निळा झाला. शब्दांच्या रांगा उभ्या राहिल्या. पहिला शब्द पिवळा झाला, मग दुसरा.

मामांचं आपटणारं बोट थांबलं. वाट पाहू लागलं. नावांची रांग आली तेव्हा ते दाबलं गेलं. मग पुन्हा वाट. मामी तोंडाला पदर लावून उभी होती. पुढचे शब्द जमायला फार वेळ लागला. एकदा चुकले, पुसले, पुन्हा शोधले. आणि मग घरभर तो जुना, खडा आवाज घुमला.

“सोनू. शेणवा. जा.”

बोट पुन्हा दाबलं.

“मी. थांबतो.”

मामीने पदर खाली घेतला. “अवो, पण तुमचं...”

“जा.”

वंदना म्हणाली, “आई, मी हाय. जा तुमी.”

मामी नेसत्या लुगड्यानिशी स्कूटरवर बसली. वाटभर संघरत्नाच्या खांद्यावर तिची बोटं रुतत होती. शेणव्यात पोचल्या तेव्हा ओट्यावर माणसं वाढली होती. एक म्हातारा उठला आणि मामीला वाट देत हळूच म्हणाला, “आताच गेली गो. पाणी पाजलं आन गेली.”

म्हणजे मघाशी, त्या चपलांपुढून जाताना, बाईजा जिवंत होती. संघरत्ना स्कूटर धरून तशीच उभी राहिली. आतून मामीचा हंबरडा आला तेव्हा तिला स्टँड लावायचं सुचलं.

सगळं उरकून त्या धसईला निघाल्या तेव्हा दिवस कलला होता. वाटेत संघरत्ना म्हणाली, “मामी, मी येताना थांबून विचारायला पायजे होतं.”

“इचारून काय झालं असतं? तू ह्यांचं तोंड उघडलंस म्हणून मला तिचं तोंड बघाय मिळालं. नायतर मी बसलेच होते.”



नरेंद्र कामावरून आला होता. ओशाळून दारात उभा होता. मामी त्याच्या पाठीवरून हात फिरवून आत गेली. आंघोळ करून, ओल्या केसांनी ती खाटेच्या उशाशी जमिनीवर बसली. मामांना काय झालं ते सांगावं लागलं नाही. त्यांनी तिच्या आंघोळीचा आवाज ऐकला होता.

बोट बटणावर गेलं. संघरत्ना पडद्याकडे पाहत राहिली. मामा काय म्हणणार? मरणाचा एकही शब्द तिने भरून घेतला नव्हता. तेव्हा तो विचारायचा तिला धीर झाला नव्हता. रांगा पिवळ्या होत गेल्या, सोडून दिल्या गेल्या. मग रोजच्या बोलण्याच्या रांगेत बोट थांबलं.

“जेवलीस का?”

मामीने मान हलवली. मग तिच्या ध्यानात आलं, उशाशी बसलेली ती त्यांना दिसत नाही. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, खाटेला वळसा घालून त्यांच्या डोळ्यांसमोर येऊन बसली आणि म्हणाली, “नाय वो. नाय जेवले.”